विचारणा नव्हे, सोबत : मुलांच्या तरबियतीतील छोट्या नित्य सवयी

पनवेल तालुक्यातील तळोजा हे आज एका नावाखाली नांदणारे दोन संसार आहेत. एक जुने गाव. तेथे मशीद, मकतब, कब्रस्तान आणि नातलगांची घरे एकमेकांना लागून आहेत. दुसरी सिडकोने आखलेली नवी वसाहत. तेथे उंच इमारती उभ्या राहिल्या, १७ नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर मेट्रो धावू लागली, आणि मुंब्रा, कुर्ला, गोवंडीच्या दाटीतून किंवा कोकणातील गावांतून निघालेली कितीतरी कुटुंबे स्वतःच्या दोन खोल्यांत राहावयास आली. अल्हम्दुलिल्लाह, हक्काचे छप्पर मिळाले. परंतु सामान हलविताना एक गोष्ट मागे राहिली, आणि ती मागे राहिल्याचे आपल्या पुष्कळ उशिरा ध्यानात आले.

गावात मूल वाढविण्याचे काम एकट्या आईबापाचे नव्हते. मगरिबची अजान झाली की दादी डोक्यावरचा पदर सावरी आणि नातवंडांचा गलबला आपोआप शांत होई. फजरला निघालेले शेजारचे चाचा जाता जाता दाराची कडी वाजवीत. ईमान म्हणजे काय, हे त्या मुलाला शब्दांत कोणी समजावून सांगितले नव्हते; त्याने ते चालताबोलताना पाहिले होते. नव्या वसाहतीच्या आठव्या मजल्यावर दादी नाही, चाचा नाहीत आणि दाराला कडीही नाही. आहेत ते फक्त आई आणि बाप. त्यातही बाप तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर, नाहीतर लोकलच्या गर्दीत. मग मुलाच्या आत्मिक वाढीची ही जबाबदारी एवढ्या थोड्या वेळात कशी पार पाडावी? या लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

थोडे, पण नित्य

या प्रश्नाचे पहिले उत्तर प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शिकवणीत अगदी स्पष्ट आहे. माननीय आयेशा (रजि.) यांच्या निवेदनानुसार, अल्लाहला सर्वांत प्रिय असलेले कर्म ते, जे सातत्याने केले जाते, मग ते थोडे का असेना. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. आपण ती रमजानच्या प्रवचनात ऐकतो आणि मोठ्यांच्या नफिल नमाजांना लागू करतो. वास्तविक ती मुलांच्या तरबियतीचा पाया आहे. रमजानात एका दमात मुलाकडून वीस गोष्टी करवून घेणे आणि शव्वाल लागताच सर्व सोडून देणे यापेक्षा वर्षभर रोज एकच गोष्ट करणे अल्लाहला अधिक प्रिय आहे.

प्रेषितांच्या (स.) घरातील एक प्रसंग पाहा. माननीय उम्मे सलमा (रजि.) यांचे पुत्र उमर बिन अबी सलमा हे त्यांच्या छत्राखाली वाढत होते. जेवताना त्या बालकाचा हात ताटात चोहीकडे फिरत असे. प्रेषितांनी (स.) त्याला तीनच गोष्टी सांगितल्या : अल्लाहचे नाव घ्यावे, उजव्या हाताने खावे, आपल्या पुढ्यातले खावे. ना रागावणे, ना लांबलचक उपदेश. पुढे मोठेपणी त्यांनी स्वतः सांगितले की त्या दिवसापासून आपली जेवण्याची रीत तीच राहिली. एका जेवणाच्या वेळी, एकाच ताटात बसून सांगितलेली गोष्ट आयुष्यभर टिकली. येथे ‘एकाच ताटात बसून’ हे शब्द महत्त्वाचे आहेत.

पाच हजार वेळा

नमाजसंबंधीची हदीस आपणा सर्वांस ठाऊक आहे : मूल सात वर्षांचे झाले की त्याला नमाजची आज्ञा करावी, आणि दहा वर्षांचे झाल्यावर त्याबाबत सक्ती करावी. अबू दाऊद यांच्या संग्रहातील या हदीसचा दुसरा भाग आपण फार लवकर लक्षात घेतो. दोहोंमधील अंतराकडे मात्र दुर्लक्ष करतो. सात ते दहा म्हणजे तीन वर्षे. चांद्र वर्षाच्या हिशेबाने सुमारे १०६२ दिवस. दिवसाला पाच वेळा, म्हणजे पाच हजारांहून अधिक वेळा मुलाला मायेने नमाजकडे बोलवावयाचे आहे, आणि तोपर्यंत हात उगारण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. त्यानंतरच्या सक्तीलाही फिक्हच्या विद्वानांनी कडक मर्यादा घातल्या आहेत : इजा होता कामा नये, चेहऱ्यावर मारता कामा नये, आणि रागाच्या भरात तर मुळीच नको. स्वतः प्रेषितांनी (स.) कधी कोणा स्त्रीवर वा सेवकावर हात उचलला नाही, अशी माननीय आयेशा (रजि.) यांची साक्ष आहे. माननीय अनस (रजि.) यांनी बालपणापासून दहा वर्षे त्यांची सेवा केली. त्या दहा वर्षांत एखादे काम का केलेस किंवा का केले नाहीस, असे त्यांना कधी विचारले गेले नाही.

पाच हजार वेळा न चिडता बोलाविणारा बाप आपल्यापैकी कोण आहे? मी नव्हतो. म्हणूनच पुढील प्रसंग सांगणे मला आवश्यक वाटते.

कोरडे पाय

माझी नोकरी पाळीची. घरी आल्यावर बूट काढता काढता मुलाला माझा पहिला प्रश्न असे, “नमाज पढलास?” तो “हो अब्बा” म्हणे आणि मी निश्चिंत होई. कित्येक महिने हा क्रम चालला. मी समजत होतो की मी तरबियत करीत आहे.

एके संध्याकाळी त्याने नेहमीप्रमाणे “हो” म्हटले. तोंड ओले होते, बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या होत्या. सहज माझी नजर खाली गेली. पाय कोरडे होते. इमारतीच्या आवारात खेळताना लागलेली धूळ तशीच होती. माझी चाहूल लागताच तो बेसिनकडे धावला होता आणि माझ्या नजरेस पडेल तेवढेच अंग त्याने भिजविले होते.

माझा हात उठलाच होता. तेवढ्यात त्याची आई हळूच म्हणाली, “अहो, त्याने तुम्हाला हवे तेच दाखवले.” तो शब्द माझ्या काळजात रुतला. त्या रात्री मला झोप आली नाही. मुलगा नऊ वर्षांचा. खोटे बोलण्यात त्याचा कोणता लाभ होता? काहीच नाही. त्याला केवळ माझ्या प्रश्नातून सुटका हवी होती. मी रोज विचारत राहिलो आणि त्यातून तो नमाज शिकला नाही. माझ्यापासून लपणे शिकला.

त्यानंतर मी सूरह लुकमान पुन्हा वाचली. या सूरहमध्ये (३१:१३ ते १९) लुकमान आपल्या पुत्राला उपदेश करतात. ते त्याला तीनदा ‘या बुनय्य’ अशी हाक मारतात. ‘बुनय्य’ हे ‘पुत्र’ या शब्दाचे लाडाचे रूप आहे. त्या उपदेशाचा क्रम पाहण्यासारखा आहे. आधी अल्लाहशी कोणासही भागीदार न करण्याची ताकीद. मग, आईवडिलांच्या हक्कांविषयीच्या आयतींनंतर, मोहरीच्या दाण्याची गोष्ट : एखादे कर्म त्या दाण्याएवढे असले, आणि ते खडकाच्या पोटात, आकाशांत वा जमिनीत कोठेही दडलेले असले, तरी अल्लाह ते पुढे आणील. आणि त्यानंतर नमाजची आज्ञा. म्हणजे प्रथम मुलाच्या मनात हे रुजवावयाचे की अल्लाह पाहतो. नमाज त्या जाणिवेवर उभी राहते. मी हा क्रम उलटा केला होता. अल्लाह पाहतो हे सांगण्याऐवजी मी स्वतःच पहारेकरी होऊन बसलो. पहारेकऱ्याची नजर तर चुकविता येते!

सूरह ताहामध्ये (२०:१३२) कुटुंबियांस नमाजची आज्ञा करण्याबरोबरच स्वतः तिच्यावर दृढ राहण्याचा आदेश आहे. दोन्ही गोष्टी एकाच आयतीत आहेत. आज्ञेचा भाग मी उचलला होता. सोबतीचा सोडला होता. दुसऱ्या दिवसापासून मी विचारणे बंद केले. घरी आलो की एवढेच म्हणू लागलो, “मी वुजू करतोय, येतोस?” पहिल्या दिवशी तो आला नाही. चौथ्या दिवशी आला. आज तो रोज येतो असे मी म्हणणार नाही. परंतु त्यानंतर त्याचे पाय कोरडे असले, तर तो तसे सांगतो. माझ्या दृष्टीने त्याच्या आत्मिक वाढीचा आरंभ त्या खरे सांगण्यापासून झाला.

दिवसभरातील जागा

मुलासाठी वेगळा ‘धार्मिक तास’ काढणे बहुतेक घरांत शक्य होत नाही, आणि त्याची गरजही नाही. दिवस ज्या क्षणांनी आधीच भरलेला आहे, त्याच क्षणांना अल्लाहचे स्मरण जोडावे.

*वुजूचे पाणी.* उन्हाळ्यात आपल्या वसाहतीतील कित्येक इमारतींच्या दारी टँकर उभा असतो, हे मुले पाहतात. अशा वेळी त्यांना सांगावे की प्रेषित (स.) एका ‘मुद्द’ पाण्यात वुजू करीत. आजच्या मापाने ते सुमारे एक लिटर किंवा त्याहूनही कमी भरते. नळ बंद करून बाप आणि मुलगा एकेका तांब्यात वुजू करून पाहोत. मुलांना हा खेळ वाटतो. परंतु पाणी ही अमानत आहे, हे त्यातून जन्मभरासाठी हातांना कळते.

*वर जाताना, खाली येताना.* माननीय जाबिर (रजि.) सांगतात की प्रवासात चढण आली की आम्ही ‘अल्लाहु अकबर’ म्हणत असू आणि उतरण आली की ‘सुब्हानल्लाह’. आपल्या मुलांच्या आयुष्यात डोंगर क्वचित. लिफ्ट मात्र दिवसातून चारदा. ही हदीस लिफ्टविषयी नाही, हे खरे. परंतु वर जाताना अल्लाहची थोरवी आणि खाली येताना त्याचे पावित्र्य आठविण्याचे जे औचित्य तिच्यात आहे, ते लहान मुलालाही भावते. शाळेला निघताना आईचा हात धरून म्हटलेले ते ‘सुब्हानल्लाह’ चार वर्षांच्या बालकालाही जमते.

*दिलेला शब्द.* अब्दुल्लाह बिन आमिर (रजि.) लहान असताना त्यांच्या आईने, ये, तुला काही देते, असे म्हणून त्यांना हाक मारली. प्रेषित (स.) तेथेच होते. त्यांनी विचारले की काय देणार आहेस? माऊली म्हणाली, खजूर. तेव्हा प्रेषितांनी (स.) सांगितले की काहीच दिले नसते, तर हे तुझ्या नावे एक असत्य लिहिले गेले असते. ‘रडू नको, उद्या मोबाइल देईन’, ‘जेव, मग बागेत नेईन’, ‘अब्बा घरी नाहीत म्हणून सांग’ : ही वाक्ये आपण दिवसातून किती वेळा उच्चारतो? मूल सत्याचा पहिला धडा आपल्या वचनांवरूनच शिकते. ज्या घरात मुलाला दिलेला शब्द पाळला जातो, तेथे अल्लाहचे वचन खरे असल्याचा विश्वास बसणे त्याला सोपे जाते.

*मगरिबचा थांबा.* संध्याकाळ पडू लागली की मुलांना घरात घ्यावे, ही शिकवण बुखारी आणि मुस्लिम यांच्या संग्रहांत आहे. पार्किंगमध्ये खेळणाऱ्या मुलांना त्या वेळी वर बोलवावे. त्यानंतर अर्धा तास घरातील सर्व मोबाइल एका ठिकाणी ठेवले जावेत. सर्व म्हणजे अब्बांचाही. या अर्ध्या तासात नमाज, कुरआनच्या चार ओळी आणि दिवसभराच्या गप्पा, एवढे पुरे. केवळ मुलाचाच फोन काढून घेतला, तर त्याला ती शिक्षा वाटेल. सर्वांचे फोन बाजूला गेले, तर तो घराचा रिवाज बनेल.

*शेजाऱ्याचे ताट.* माननीय अबू जर (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) सांगितले होते की रस्सा करताना पाणी वाढवावे आणि शेजाऱ्यांचा विचार करावा. माननीय अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्या घरी बकरी जिबह झाली, तेव्हा त्यांनी प्रथम हेच विचारले की आपल्या यहुदी शेजाऱ्याला वाटा पाठविला का? आपल्या इमारतींत एकाच मजल्यावर निरनिराळ्या धर्मांची कुटुंबे राहतात. आठवड्यातून एकदा मुलाच्या हाती झाकलेली वाटी देऊन त्याला शेजारी पाठवावे. शेजारी शाकाहारी असेल तर फळे वा खीर पाठवावी आणि त्याचे कारणही मुलाला सांगावे. दुसऱ्याच्या श्रद्धेचा व सोयीचा विचार करणे हीसुद्धा दीनची शिकवण आहे, हे पुस्तकापेक्षा त्या वाटीने अधिक चांगले समजते.

*निजण्यापूर्वी.* प्रेषित (स.) झोपण्यापूर्वी सूरह इख्लास, फलक आणि नास पढून तळहातांवर फुंकर घालीत आणि ते हात अंगावरून फिरवीत. आईने हे मुलाबरोबर रोज करावे. माननीय फातिमा (रजि.) यांच्या हातांना जात्याने घट्टे पडले होते. त्यांनी सेवक मागितला, तेव्हा पित्याने त्यांना निजताना ३३ वेळा ‘सुब्हानल्लाह’, ३३ वेळा ‘अल्हम्दुलिल्लाह’ आणि ३४ वेळा ‘अल्लाहु अकबर’ म्हणण्यास सांगितले. दिवसभर राबलेल्या आईने अंथरुणावर बसून बोटांच्या पेरांवर ही तसबीह मोजावी आणि शेजारच्या चिमुकल्या बोटांनाही मोजू द्यावी. मध्येच डोळा लागला, तर लागू द्यावा.

या सहाही गोष्टी एकदम सुरू करू नयेत. एक निवडावी आणि ती घराच्या अंगवळणी पडेपर्यंत दुसरीला हात घालू नये.

पाळीवर जाणाऱ्या बापासाठी

‘वेळच मिळत नाही’ ही तक्रार खोटी नाही. परंतु हिशेब मांडून पाहावा. सकाळच्या पाळीला जाणारा दुपारी परततो. असर, मगरिब आणि इशा त्याच्या हाती असतात. दुपारच्या पाळीचा माणूस रात्री उशिरा येतो. त्याच्यापाशी फजर असते आणि मुलांची सुटी असेल तर जुहरसुद्धा. रात्रपाळीचा बाप दिवसा झोपून उठतो. त्याला असर आणि मगरिब सापडतात. अशी एकही पाळी नाही, जिच्यात मुलाबरोबर एक तरी नमाज मिळत नाही. आठवड्याची पाळी कळली की बापाने मुलाला सांगावे, “या आठवड्यात आपली असर.” ती ‘आपली’ नमाज. जे वडील आखाती देशांत आहेत, त्यांनी फोनवर मुलाला ‘पढलास का?’ असे विचारण्याऐवजी आपण आज कोठे, कोणाबरोबर पढलो ते सांगावे आणि मग मुलाला बोलू द्यावे.

मशिदीतील मूल

एक शब्द आपल्या ज्येष्ठांसाठी. मूल मशिदीत आले, थोडे हसले, थोडे धावले की मागून दटावणी होते, आणि ते कोवळे मन मशिदीपासून दुरावते. प्रेषितांनी (स.) आपली नात उमामा (रजि.) हिला कडेवर घेऊन नमाज पढविली आहे. सजद्यात असताना नातू पाठीवर बसला, तर तो उतरेपर्यंत त्यांनी सजदा लांबविला आहे. अन्सारच्या स्त्रिया आशुराचा रोजा मुलांकडून करवीत आणि भुकेने ती रडली की लोकरीची खेळणी त्यांच्या हाती देत. इबादतीची सवय आणि खेळणे यांत त्या पिढीने वैर पाहिले नाही. आपण का पाहावे? मूल अस्वस्थ झाले, तर त्याला दटावण्याऐवजी आपल्या शेजारी जागा द्यावी.

शेवटचा प्रश्न

सूरह बकरामध्ये (२:१३३) हजरत याकूब (अलै.) यांच्या अंतकाळाचा प्रसंग आहे. मुले भोवती जमलेली होती. पित्याने त्यांना मालमत्तेविषयी विचारले नाही; माझ्यामागे तुम्ही कोणाची भक्ती कराल, एवढेच विचारले. आपण नव्या वसाहतीत घर घेतले. त्याचे हप्ते वीस वर्षे चालतील, आणि त्यासाठी आपण दिवसरात्र राबतो. घर मुलांच्या नावे करून जाऊ. परंतु हजरत याकूब (अलै.) यांनी विचारलेला प्रश्न आपण अंथरुणावरून विचारला, तर त्याचे उत्तर आजच्या संध्याकाळी, त्या एका तांब्याच्या वुजूत आणि त्या अर्ध्या तासाच्या थांब्यात घडत आहे.

म्हणून आज घरी गेल्यावर ‘नमाज पढलास का?’ हा प्रश्न ओठांवर आला, तर क्षणभर थांबावे आणि बाह्या वर सारून म्हणावे, “चल, मी पण निघालोय.”

हे अल्लाह! आम्हाला आणि आमच्या संततीला नमाज कायम करणारे बनव, आमच्या मुलांना आमच्या डोळ्यांची शीतलता बनव, आणि आम्ही त्यांना जे सांगतो ते आधी आमच्या आचरणात उतरव. आमीन.